अध्यक्षांची साक्ष

"गुपचूप राजीनामा द्या, मी दाखला चांगला देते," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"नाही देणार," मी म्हटलं.

आरोप काय, तर अनैतिक वर्तन. म्हणजे मी चौकातल्या सायकलवाल्याबरोबर लग्न न करता राहते. राहते की! आम्ही दोघं सुखात आहोत, एवढंच लोकांना खुपतं.

आई म्हणाली, "बाई गं, नमतं घे. नोकरी गेली तर करशील काय?" भीती मलाही वाटत होती. पण नाक मुठीत धरून जगणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आरोप लेखी मागा. आणि तक्रार करणाऱ्याला समोरासमोर प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत."

चौकशी माझ्याच वर्गात ठेवली होती. शाळा समितीचे अध्यक्ष येऊन थेट मधल्या खुर्चीत बसले. बक्षीस समारंभ असो की तुंबलेल्या गटाराची बैठक, ती खुर्ची त्यांचीच. सवयच इतकी, की तक्रारही आपलीच आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"तक्रार कुणी केली?" मी विचारलं.

"मी."

"मग निकाल तुम्हीच कसा देणार? तुम्ही साक्षीदार. इकडे बसा."

मुख्याध्यापिकांनी नियमावली चाळली, घसा खाकरला आणि समितीतल्या डॉक्टरांना खुर्चीत बसायला सांगितलं. अध्यक्ष धुसफुसत पोरांच्या बाकावर बसले. गुडघे पार पोटाशी आले. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

"माझ्या शिकवण्यात काही खोट?"

"शिकवण्याचा प्रश्न नाही. तुमच्याकडे बघून मुलं काय शिकतील?"

"तुमची नात माझ्या वर्गात आहे. तक्रार केल्यावर तिची तुकडी बदलून मागितलीत?"

"नाही."

"शेजारच्या तुकडीत जागा आहे. का नाही मागितली?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. फळ्यापाशी अडलेल्या पोरासाठी थांबायची मला सवय आहे.

"गणित तिला तुमच्याशिवाय कुणाकडून कळत नाही," ते पुटपुटले.

"जरा मोठ्याने बोला," मी म्हटलं. "मुख्याध्यापिकाबाई, हे जसंच्या तसं लिहून घ्या."