साडी गार्ड

पहिले एक गोष्ट सांगून ठेवते. माझ्या गाडीवर जो खर्च झाला तो माझ्या पगारातला झाला. त्याचा हिशोब मी कोणाले देत नाही, अन् इथंही देणार नाही. पण चौबे कॉलनीत ज्याले त्याले माझ्या खर्चाची फिकर. शेजारच्या काकू विचारते, दूधवाला विचारते. मंदिरात प्रसाद घेता घेता एक आंटी म्हणे, "बेटा, इतना पैसा गाड़ी में डाल रही हो, इससे अच्छा सोना ले लेती." सोन्यावर बसून मी नव्या रायपूरले ऑफिसात जाणार आहे काय?

माझं नाव इरावती, घरात इरू. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आजोबा रेल्वेत लागले, रायपूरले आले अन् इथलेच होऊन गेले. बाबाही रेल्वेतूनच रिटायर झाले. मी नोकरीले लागली अन् लाल रंगाची स्पोर्ट बाईक घेतली. स्कूटी नाही, बाईक. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता गाडीचं ऐका. माझी उंची पाच फूट, टाचा उचलल्या तं एक इंच वर. अन् ह्या गाड्या कंपनीवाले बनवतात लांब टांगांच्या पोट्ट्यांसाठी. सीटवर बसली की माझे पाय हवेत. पहिल्याच आठवड्यात जयस्तंभ चौकात सिग्नलवर थांबली, पाय टेकलाच नाही, अन् गाडीसकट आडवी झाली. सगळा चौक पाहून राहिला. एक जण गाडी उचलता उचलता म्हणे, "दीदी, एक्टिवा ले लो." डोक्यात असी तिडीक गेली की कोपर सोलल्याचं घरी आल्यावर समजलं. घरी सांगितलं, पायरीवरून घसरली. खरं सांगितलं असतं तं आईनं दुसऱ्या दिवशी गाडी विकाले लावली असती.

मग मी साहू भैयाच्या दुकानात गेली. त्यानं मागच्या शॉकअपखालच्या लोखंडी पट्ट्या बदलून दिल्या, गाडी खाली बसली. सीटचा फोम कापला. माझी बोटं ब्रेकपर्यंत पुरत नव्हती, म्हणून ब्रेकचा अन् क्लचचा लिव्हर छोटा लावला. मागची सीट काढून तिथं कव्हर बसवलं, कारण कॉलनीतला प्रत्येक पोट्टा "दीदी, एक राउंड" म्हणत मागे चढून राहिला होता. समोरची काळसर काच मात्र शौकानं लावली, खोटं काहून बोलू. पण एका काचेवरून सगळ्या कामाले शौक म्हणाचं, हे मले मंजूर नाही. चष्मेवाल्याले कोणी म्हणते काय, की तुले काचांचा लय शौक आहे?

बाबा दर वेळेस तेच म्हणत, "फालतू खर्च आहे. कंपनीच्या इंजिनिअरले काय अक्कल नसते?" म्हणत, अन् निघालेला पार्ट उचलून घेत. फडक्यानं पुसत, तेलाचा हात फिरवत, पेपरात गुंडाळून रेल्वेच्या जुन्या ट्रंकेत ठेवत. रेल्वेतला माणूस, साधा नट फेकणार नाही. साडी गार्ड, म्हणजे मागं बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती जाळी, ती तं मी पहिल्याच दिवशी काढाले लावली होती. तीही ट्रंकेत गेली. मले वाटे, तोंडानं काही म्हणोत, बाबा माझ्या गाडीची एकेक वस्तू जपून राहिले. मनातून बरं वाटे.

मग शिशिरचं स्थळ आलं. पुरानी बस्तीतलं घर, आपलेच लोक, पोट्टा बँकेत. मराठी समजते, बोलते हिंदी. मले आवडला, खोटं काहून बोलू. त्याची आई, सत्यभामाकाकू, बाई हुशार. पोह्याची प्लेट घेता घेता माझा हात हातात घेतला, अंगठ्याजवळ दाबून पाहिला अन् म्हणे, "पाटल्यांचं माप सव्वादोन." ब्लाऊजचं माप आईजवळून घेतलं, अंगठीचं दोऱ्यानं घेतलं. माझं सगळं मोजून झालं. जातानी शिशिर माझ्या गाडीवर बसला तं गुडघे हँडलले लागले. म्हणे, "यार, ये तो बच्चों की साइकिल हो गई." सगळे हसले, मीही हसली. लग्नानंतर गाडी माझ्यासोबत पुरानी बस्तीले येईन, एवढं तेव्हाच बोलणं झालं होतं. ती कोण चालवणार, हे बोलाची मले गरज वाटली नाही. माझी गाडी, मी चालवीन. यात बोलाचं काय?

साखरपुड्याची साडी घ्याले मी अन् आई नागपूरले मावशीकडं गेलो. परत आलो रविवारी सकाळी. दुपारी शिशिरकडचे तारीख पक्की कराले येणार होते. ऑटोतून उतरली अन् पोर्चमध्ये पाहिलं तं माझी गाडी उंच झालेली.

पहिले वाटलं, कोण्या पाहुण्याची आहे. मग नंबर वाचला. मागची सीट परत आली होती. माझी कापलेली सीट गायब, कंपनीची नवी जाडजूड सीट बसवलेली. लिव्हर लांब. अन् मागच्या चाकाजवळ, तेल पुसून चकचकीत, साडी गार्ड.

बाबा खुशीत बाहेर आले. "पाह्य बरं, कसी झाली. साहूकडं दिवसभर उभा राहून करून घेतली. जावयाच्या मापाची."

"कोणाच्या मापाची?"

"शिशिररावच्या. त्यायले फोन करून विचारलं, कसी पाहिजे म्हणून. जावयाले सूट शिवतो, बूट घेतो, मापानंच घेतो ना? मग गाडी बिनामापाची काहून द्याची? अन् तुह्यासाठी मागची सीट, साडी गार्ड. तुलेही सोय केली."

ऐका. दोन वर्षं मी माझ्या पैशानं गाडी माझ्या मापाची केली तं तो फालतू खर्च. बाबानं एका दिवसात ती दुसऱ्याच्या मापाची केली तं ती सोय. अन् तो शिशिर, रोज रात्री माझ्याशी फोनवर बोलते, जेवली का म्हणून विचारते. एका शब्दानं बोलला नाही. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच.

"माझ्या पट्ट्या कुठं आहे, बाबा?"

"कोणत्या? ते लोखंडाचे तुकडे? कबाडीवाल्याले देऊन टाकले. सीट पण. तिचा फोम तं कापलेलाच होता."

मी पोर्चमध्येच खाली बसली. कंपनीचा एकेक नट ट्रंकेत तेल लावून झोपवलेला, अन् माझं सामान कबाडीत, तराजूत. मी समजून राहिली होती की बाबा जपून राहिले. बाबा वाट पाहून राहिले होते. पोरगी कधी ना कधी जाईन, तवा गाडी जशीच्या तशी कराले कामी येईन म्हणून.

आई म्हणे, "अवं, पाहुणे येतील. उठ, साडी नेस. दोन-चार इंचानं असं काय होते?"

बाबाही म्हणे, "हो ना. दोन-चार इंचाचा एवढा तमाशा?"

मी उठली, चाबी घेतली. "बसा मागे, बाबा."

"कुठं?"

"बसा तं खरं. सीट तुम्हीच लावली ना?"

बसले बिचारे. गुडघा दुखते त्यायचा, पाय उचलून घेता येईना, साडी गार्डले पॅन्ट घासली. मी टाचा उचलून, बोटांच्या टोकावर गाडी रस्त्यावर काढली. चालू गाडीत काही वाटत नाही, गाडी चालून राहिली तोवर मी राणी. कॉलनीच्या मोडावर गाय आडवी आली. ब्रेक मारला. ब्रेक तं बोटांच्या टोकानं लागला, पण पाय खाली टाकला तं जमीनच नाही. गाडी डावीकडं कलाले लागली, अन् मले ते जयस्तंभ चौकातलं सगळं आठवलं.

धप्पकन आवाज आला. बाबाचा पाय. दुखऱ्या गुडघ्याचा पाय त्यायनं खाली रोवला अन् दोघांचं वजन त्याच्यावर तोलून धरलं. गाय निघून गेली.

मग बाबा हळूच म्हणे, "पाय टेकत नाही का तुहा?"

"गाडी घेतली तवापासून टेकत नाही. पट्ट्या लावल्या तवापासून टेकून राहिला होता."

"मले वाटलं, ते फॅशनचं असते. पोट्टे लावतात ना."

"विचाराचं तरी, बाबा."

"तू सांगाचं तरी."

"सांगितलं असतं तं गाडी ठेवू दिली असती?"

मी घराकडं वळाले लागली तं बाबा म्हणे, "थांब, मी उतरतो," अन् उतरून गाडीच्या बाजूनं चालाले लागले, एक हात मागच्या सीटवर ठेवून. लहानपणी सायकल शिकवतानी धरत, तसे. मले रडू आलं, पण रागही तेवढाच होता. ज्याचं जळते त्याले कळते म्हणतात. बाबाले कळलं, पण गुडघ्यावर आलं तवा कळलं.

घरी आलो, मी साडी नेसली, पाहुणे आले. सत्यभामाकाकूनं डबा उघडला अन् सोन्याच्या पाटल्या माझ्या हातात चढवल्या. म्हणे, "साखरपुड्याच्या दिवशी घालणार होती, पण मले दम निघत नाही." नेमक्या बसल्या. हात हलवला तरी घसरत नव्हत्या. काकूले स्वतःच्या अंदाजाची खूप खुशी झाली. आईचे डोळे भरून आले. तारखेचं बोलणं झालं, चहा झाला.

मग शिशिर उठला. "चलो इरा, तेलीबांधा तालाब तक एक राउंड मारते हैं." अन् हात समोर केला. माझ्यासमोर नाही, बाबासमोर. "अंकल, चाबी?"

चाबी दाराजवळच्या खिळ्याले होती. बाबा उठले, चाबी काढली, थोडा वेळ हातात धरून उभे राहिले. मग मले देऊन म्हणे, "गाडी तिची आहे, शिशिरराव. तिले मागा."

मी शिशिरले म्हटलं, "तुम्हाले माहीत होतं?"

"अंकल का फोन आया था. मैंने कहा, देख लीजिए, जैसा ठीक लगे." हसून म्हणे, "सरप्राइज़ था."

"माझे पाय टेकत नाही आता."

"तो तुम्हें क्या दिक़्क़त, मैं चलाऊँगा ना. तुम पीछे आराम से बैठो."

"माझी गाडी मी चालवते. पट्ट्या परत लावीन तवा आपण जाऊ. मी समोर, तुम्ही मागे बसा. सीट आहेच."

"मैं पीछे?" तो स्वतःच्या आईकडं पाहून हसला. "पूरा मोहल्ला देखेगा."

सत्यभामाकाकू समजावल्यासारखं म्हणे, "बेटा, नवरा मागं बसला तं लोक काय म्हणतील?"

"अन् मी चौकात पडली तं लोक काय म्हणतील, काकू? ते मी ऐकून चुकली."

खरं सांगते, इथवरही मी तयार होती. कबूल झाला असता, हसण्यावारी नेलं असतं तरी मी मानली असती. पोट्टा मले आवडत होता. पण तो बाबाकडं वळला अन् म्हणे, "अभी तो अंकल ने इतना लगाकर सब ठीक करवाया है. अब फिर से वही सब? फालतू ख़र्चा है, अंकल, आप ही समझाइए."

बाबानं मान खाली घातली. हा शब्द त्यायचाच होता. दोन वर्षं मी तो त्यायच्या तोंडून ऐकला. पण बाबानं तो म्हणूनही गाडी धरली होती, गुडघा दुखत असतानी. हा तं अजून मागे बसाले तयार नव्हता, अन् माझ्या खर्चाचा मालक झाला.

"काकू," मी म्हटलं, "तुमचं माप एकदम बरोबर आहे. बोटाचं, हाताचं, सगळं. पण माझे पाय कोणी मोजले नाही."

अन् मी पाटल्या उतरवाले लागली. काकू म्हणे, असं करू नये, अपशकुन असतो. शिशिर म्हणे, "इतनी सी बात पे?" कोणी कोणाचं ऐकून राहिलं नव्हतं. पाटली अंगठ्याजवळ येऊन अडकली, ओढली तं हात लाल झाला. नेमक्या मापाची होती ना.

आई उठून आत गेली. मले वाटलं, रडाले गेली. आता रात्रभर ऐकावं लागते, शंभर लोकांत नाव घालवलं, नागपूरची साडी वाया गेली.

बाहेर आली तं हातात साबणाच्या पाण्याची वाटी होती. कोणाकडं पाहिलं नाही. माझ्याजवळ खाली बसली, वाटी जमिनीवर ठेवली.

"हात दे इकडं," म्हणे.