वाढवलेला मजला

दुकान बंद केले असे आपण म्हणत नाही. दुकान वाढवले म्हणतो. बांगडी फुटत नाही, ती वाढते. अशुभाला वळसा घालून जाणारी ही जुनी वाट त्या हॉटेलाच्या नोंदवहीतही शिरली होती. पाहुणा मिळेना म्हणून एखादी खोली कुलपात गेली की हाउसकीपिंगच्या मुख्य बाई तिच्या क्रमांकापुढे वळणदार अक्षरात लिहीत: ‘वाढवली’. त्यांच्या सासूबाईही असेच लिहीत. किल्ल्या त्यांच्याकडूनच बाईंकडे आल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या वीसही खोल्या एकापाठोपाठ अशा वाढल्या.

नवा मॅनेजर तीन आठवड्यांपूर्वी आला होता. हॉटेल विकत घेणाऱ्या कंपनीने त्याच्यावर एकच काम सोपवले होते: हॉटेल चालू ठेवायचे की आतल्या भिंती पाडून कचेऱ्या करायच्या, हे पाहून सांगणे. मंगळवारी सकाळी तो नोंदवही हातात घेऊनच बाईंसमोर आला.

“मावशी, तुम्ही लोकांनी तिसरा मजला मोठा करून ठेवलाय आणि कुणी बोलत नाही! वीसच्या वीस खोल्या वाढवलेल्या. परिषदेला येणाऱ्या चाळीस डॉक्टरांना होकार कळवून टाकला. परवा दुपारी येतायत.”

बाईंच्या जिभेवर खरे उत्तर आले आणि तिथेच थबकले. कचेऱ्यांना चादरी लागत नाहीत. खोल्या आवरणाऱ्या नऊ बायकांना त्यांनी स्वतः बोट धरून या कामाला लावले होते.

“हो साहेब,” त्या म्हणाल्या.

खरे काय ते त्यांनी फक्त नळदुरुस्तीच्या मिस्त्रीला सांगितले.

“वहिनी, तुमच्या शुद्ध मराठीनं गळा कापला की सगळ्यांचा!”

“गळ्याचं नंतर बघू. आधी वर पाणी आणा.”

“अकरा वर्षं उपाशी आहेत ते नळ. एकदम काय वाढू त्यांना?”

“जे असेल ते वाढा, पण आज वाढा.”

कुलपे करकरली. खोल्यांमधला अंधार जुन्या कापडासारखा कुबट होता. खिडक्या उघडताच उजेड आत येऊन अवघडल्यासारखा उभा राहिला. एका भिंतीवर सोनेरी चौकटीचा आरसा होता. दागिने सांभाळायला स्वतंत्र दासी घेऊन येणाऱ्या स्त्रियांनी त्यात आपले तारुण्य तपासले असेल. त्याच खोलीच्या संगमरवरावर गोल खळग्यांच्या दोन रांगा होत्या: युद्धाच्या वर्षांत इथे जखमींच्या लोखंडी खाटा होत्या. खुर्च्यांच्या पोटाला पांढऱ्या रंगातले सरकारी क्रमांक होते. रेशमी भिंतींवर नंतरच्या कुणीतरी नारिंगी वर्तुळांचा कागद डकवला होता आणि तोही आता कोपऱ्यांतून सुटत चालला होता. काळ इथे पाहुण्यासारखा राहून गेला होता, आणि जाताना प्रत्येक वेळी काहीतरी विसरला होता.

नऊ बायकांनी गाद्या उन्हात टाकल्या, फरश्या घासल्या. नळांतून आधी गंजाचे लाल पाणी आले, मग चहाच्या रंगाचे. बुधवारी संध्याकाळी नितळ. पण गुरुवारी सकाळी मिस्त्री चार खोल्यांपुढे हात टेकून बसला.

“यांच्या भिंतीतले पाइप सडलेत, वहिनी. ब्रह्मदेव आला तरी पाना टाकून पळेल.”

बाई ओल्या हातांनीच मॅनेजरच्या दारात उभ्या राहिल्या.

“साहेब, चार खोल्या कमी पडतात.”

“कमी कशा? वाढवल्यात ना?”

“वाढवल्यात म्हणजे... दुकान वाढवतात तशा.”

त्याने नोंदवही हळूच मिटली.

“म्हणजे बंद होता मजला? कधीपासून?”

“अकरा वर्षं.”

“आणि हे मला आज सांगताय?”

“मंगळवारी सांगितलं असतं, तर तुम्ही मजल्यावर फुली मारली असती.”

“मारली असती,” तो म्हणाला. कपाळ चोळत तो पुटपुटला, “आजोबा रोज म्हणायचे, दुकान वाढवून येतो. मी विचारायचो, रोज वाढवता, मग ते एवढंसंच कसं? चला, दाखवा.”

तो सोळाही खोल्यांत फिरला. प्रत्येक नळ सोडला, प्रत्येक खिडकी ढकलून पाहिली. शेवटच्या खोलीत असतानाच कंपनीचा फोन आला. बाई पलंगाशीच थांबल्या.

“तिसरा मजला? बंद होता, अकरा वर्षं. चूक माझी, मी नीट वाचलं नाही. पण ऐका, इथल्या लोकांनी दोन दिवसांत सोळा खोल्या उभ्या केल्यात. नाही, ऐकीव नाही, आता इथेच उभा आहे. कचेऱ्यांचं थांबवा. एक वर्ष द्या... हो, माझ्या जबाबदारीवर. लेखी देतो.”

पलीकडचे बोलणे बराच वेळ चालले. त्याने फोन खिशात ठेवला.

“वर्ष मिळालं, मावशी. आता उरलेल्या आठ डॉक्टरांचं बोला.”

“आठ खोल्यांत एकेक जादा खाट लावते.”

बोलता बोलता सबंध नोकरीत जे कधी केले नव्हते ते त्यांनी केले: पाहुण्याच्या पलंगावर त्या बसल्या. खाली फाटकातून बस आत वळत होती. त्या लगबगीने उठल्या आणि चादरीवर पडलेली सुरकुती तळहाताने साफ करू लागल्या.