कोरडं होईस्तोवर

गुरुपादप्पांनी पंचा पिळला आणि निलावतीबाईंच्या पोलक्याच्या हुकाकडं हात नेला, तशी तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. उजवा हात पाच महिन्यांपासून नुसता गादीवर पडून होता.

"ऱ्हाऊ द्या. सुमन करती उद्या."

"सुमन येणार न्हाई आता. सांगितलं की काल."

निलावतीबाईंनी मनगट सोडलं नाही. सुमन का येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. अंघोळपाणी करायला ठेवलेली ती बाई सोमवारी काम आटोपून चपला घालता घालता उंबऱ्यात थांबली होती. "अप्पा, रागावू नका, पण वास सहन होत न्हाई. घरी गेल्यावर घास उतरत न्हाई मला," एवढं बोलून गेली ती गेलीच.

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. चाकूरच्या बाजार समितीत कारकुनी करत करत गुरुपादप्पांनी दोन मुलं वाढवली, घर बांधलं. पण बायकोचं अंग त्यांनी कधी उजेडात बघितलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यावरही अंघोळीच्या वेळी ते ओसरीवर जाऊन बसत. सुमननं आतून सांगायचं आणि त्यांनी दुकानातून आणून द्यायचं. छातीखाली लाल झालंय म्हणाली, त्यांनी पावडरचे डबे आणले. खाज थांबत नाही म्हणाली, मन्मथच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. त्या ट्यूबनं आठ दिवस बरं वाटलं आणि मग ते जांघेपर्यंत उतरलं. शेजारच्यांनी खोबरेल आणि हळद सांगितली, तीही झाली. सगळं त्यांनी वेळच्या वेळी, घड्याळ बघून आणून दिलं होतं.

"अगं, परकं हाय का कुणी इथं?" ते म्हणाले. बोलताना आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

मनगटावरची बोटं सैल झाली. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्यांनी स्तन अलगद उचलला आणि तसाच धरून राहिले. घडीत पावडरीचा पांढरा, चिकट चिखल झाला होता. त्याच्या कडेनं कातडी सोललेल्या टमाट्यासारखी लालभडक, मधे एक ओली चीर. हळदीचे पिवळे डाग. वास आला. पंचा लावायचा कुठं, तेच त्यांना कळेना.

"लई हाय का?" तिनं भिंतीकडं बघतच विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "थोडंच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप सांगितली आणि तिला लातूरला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाक मुरडलं नाही, बॅटरी लावून एकेक घडी बघितली.

"काका, इथं हवा जात नाही. घाम साठतो, कातडीवर कातडी घासते आणि मग बुरशी धरते. पावडरनं ओल जात नाही, तिचा लगदा होतो." मग त्यांनी मन्मथची ट्यूब हातात घेतली. "ही कुणी दिली? यात स्टेरॉईड आहे. लाली दबते आणि बुरशी पसरत जाते. यांना साखर आहे का?"

"कधी तपासली न्हाई."

बोटाला सुई टोचून लगेच तपासली. तीनशे चाळीस निघाली. गुरुपादप्पा त्या आकड्याकडं बघत राहिले. झटक्यापासून निलावतीबाईंना तोंडाला चव नव्हती, म्हणून रोज सकाळी ते स्वतः शिरा करत. तेवढा एक पदार्थ ती नको म्हणत नसे.

"म्हंजे सगळं मीच करून ठिवलं," ते म्हणाले.

बाई चिठ्ठी लिहीत होत्या. "तसं काही नाही. पण आता करायचं मात्र तुम्हालाच आहे. साखरेच्या गोळ्या चालू करा, गोड बंद. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या, घासू नका. घडी उघडी धरून पूर्ण कोरडी होऊ द्या. मग हे मलम पातळ लावा आणि मधे सुती कापडाची घडी ठेवा."

त्यांनी आपली जुनी मऊ धोतरं फाडून पट्ट्या केल्या. कूलरचं वारं दमट, म्हणून तो बंद केला. पंखा होता, पण दुपारी लाईट जायची. मग एका हातानं घडी उघडी धरायची आणि दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं वारं घालायचं. पंधरा मिनिटांत खांदा भरून यायचा. चौथ्या दिवशी चीर पुन्हा ओली दिसली, तेव्हा ते पुठ्ठा घेऊन तसेच बसून राहिले. निलावतीबाई भिंतीकडं बघत होती.

नवव्या दिवशी मात्र लाली फिकी पडली. चीर मिटत आली होती. तेव्हा डाव्या स्तनाच्या खाली, अगदी घडीच्या तळाशी, त्यांना दुसरंच काही दिसलं. बोटाएवढा लांब, गोळा झालेला जुना व्रण. पांढरट, घट्ट. त्यांनी बोट फिरवून बघितलं.

"हे कशाचं गं?"



"जुनं हाय," ती म्हणाली. जीभ जड झाल्यानं शब्द एकेक करून येत होते. "पयल्या बाळाच्या वक्ताचं. बिलोलीला."

पहिली मुलगी तिच्या माहेरी, बिलोलीला झाली आणि अकराव्या दिवशी गेली. तुरीचा हंगाम होता. गुरुपादप्पा पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. 'झालं गेलं, आता नाव काढू नको,' असं सांगून ते दुसऱ्या दिवशी परतले होते.

"दूध थांबत न्हवतं," ती म्हणाली. "प्यायला कुणी न्हवतं. गाठ झाली, पिकली. काकूनं वस्तऱ्यानं फोडली."

दोन महिन्यांनी ती सासरी आली ती रोज पाठ करून झोपायची. रुसली आहे, असं समजून त्यांनी एकदा तिला बरंच काही ऐकवलं होतं. ते सगळं त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं.

"मला सांगायचं न्हाई का?"

"सांगून काय केलं असतं तुमी?"

बाहेर गल्लीत कुणीतरी नळाला पाणी आल्याची हाळी देत होतं. हंडे वाजले.

"मी नाव बी ठिवलं होतं तिचं," निलावतीबाई म्हणाली. आज पहिल्यांदाच तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"काय?"

ती बघत राहिली. त्यांना वाटलं, सांगेल. ओठ हलल्यासारखे झाले.

"वारं घाला," ती म्हणाली. "ओलं हाय अजून."