जिवंत माणसाचा कागद

“बोला बरं, कॉम्प्युटर म्हणजे काय?” वेनेताबाईंनी विचारलं. वाचनालयात आणून बसवलेल्या बालवाडीतल्या पाच पोरांपैकी ओग्न्याननं लगेच सांगून टाकलं, “माणूस मेलं की त्याचा कागद काढायचं यंत्र.”

बाई हसली. दर बुधवारी शहरातून बसनं येणारी पोर ती, तिला काय ठाऊक. मी तिथल्या शेगडीत लाकडं सारत होते. मला हसू आलं नाही. पोराचं चुकलं कुठे? आमच्या गावात कॉम्प्युटर एकच, इथे वाचनालयात, ते सांभाळणाऱ्या कुनाबाईच्या टेबलावर. आणि कुनाचं त्यावर काम एकच. वर फोटो, खाली नाव, मग तारीख, भोवती काळी चौकट. कागद घराच्या फाटकावर लागतो, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, पुढे वर्षावर्षाला. माझ्या फाटकावर माझ्या नवऱ्याचे, स्तामेनचे, एकावर एक इतके चिकटलेत की लाकूड दिसत नाही.

“तसं नाही रे,” बाई म्हणाली, “यात आपली आवडती माणसंही दिसतात.” आणि तिनं पडद्यावर माझ्या लेकीचा, स्नेझाचा फोटो आणला. तो स्नेझानं इटलीहून कुनाकडे पाठवलेला. बाईनं खाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. “बिल्याना, ही कोण ग?”

बिल्याना माझी नात, पाच वर्षांची. दोन वर्षं झाली, तिची आई तिकडे परक्यांच्या म्हातारीची सेवा करते. पोरीनं फोटो पाहिला, नाव पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

घरी येऊन भाकरीला हात लावला नाही. चुलीपाशी उभी राहून म्हणाली, “आजी, गहू कधी शिजवायचे?”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मेलेल्याच्या नावानं आम्ही गहू शिजवून, साखर घालून वाटतो.

“कुणाचे ग बये?”

“आईचे. तिचा कागद निघाला ना.”

“अग, आई चांगली धडधाकट आहे.”

“आजोबा पण कागदात हसतातच.”

स्नेझाचा फोन येतो रविवारी. त्या दिवशी म्हातारीची सून घरी असते. एरवी लावावा तर कुणी उचलत नाही. मी तीनदा लावला, कुणी उचलला नाही. रविवार चार दिवसांवर आणि पोर पाण्यावर.

सकाळी तिला घेऊन वाचनालयात गेले. “कुना, माझा कागद काढ.”

कुनानं छातीवर क्रूस काढला. “काकू, डोकं ठिकाणावर आहे का?”

“तुझ्यापेक्षा बरं आहे. लिही. दोन्का इलियेव्हा, वय एकाहत्तर. जिवंत आहे. काल घेवडा खाल्ला. गुडघा दुखतो. जीभ शाबूत.”

“जिभेचं गावाला ठाऊक आहे. ते कशाला?”

“लिही म्हटलं ना. आणि चौकट नको.”

यंत्र कुरकुरलं, कागद बाहेर आला. बिल्यानानं कागदातल्या माझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दंडाला करकचून चिमटा काढला.

“दुखलं?”

“दुखलं. ऐक आता. हे यंत्र म्हणजे कोरी पाटी. मेला सांगितलं तर मेला लिहितं, जिवंत सांगितलं तर जिवंत. त्याला स्वतःला काडीचं कळत नाही.” चार यत्ता शिकलेली मी, याहून जास्त काय सांगणार? पण पोरीनं वाटेत माझ्या पिशवीतली अर्धी भाकरी खाल्ली.

कागद फाटकावर लावला. दुपारी खालच्या आळीतली पेना मेणबत्ती घेऊन, डोळे पुसत आली. मी पायरीवर मिरच्या निवडत बसले होते.

“मेली नाहीस तर हा चढ कशाला चढायला लावलास?”

“तू चष्मा लावत नाहीस, तो माझा दोष?”

ती शिव्या देत बसली, कॉफी प्याली, अंधार पडेतो हलली नाही. माझ्या पायरीवर कुणी बसल्याला किती दिवस झाले होते, ते मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिल्यानाच मला ओढत कुनाकडे घेऊन गेली. स्टुलावर चढून तिनं सांगायला सुरुवात केली, “आईचा काढा. जिवंतवाला. लिहा, स्नेझा जिवंत आहे.”

कुनानं लिहिलं.

“लिहा, ती घरी येणार आहे.”

कुनानं तेही लिहिलं. मग सवयीनं विचारलं, “तारीख?” विचारल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोरीनंही पाहिलं.

उभ्या गावाला मी तोंडावर उत्तर देते. पण पोरीला खोटी तारीख द्यायची तर ती कागदावर छापून फाटकाला लागणार, रोज दिसणार.

“तेवढी जागा सोड,” मी म्हटलं.

कुनानं जागा सोडायची लांब कळ एका बोटानं दाबून धरली. पडद्यावरची ती बारीक उभी रेघ लुकलुकत पुढे सरकत राहिली, आणि तिच्या मागे काहीच उमटत नव्हतं.