तीस फुटांवरची भीती

पाथर्डीच्या ऊसतोड मजूर लंकाबाईंचा मुलगा अमृत पोलिसांच्या गोळीने मेला, त्याची चौकशी प्रांतसाहेबांसमोर चालू होती. अमृत तीस फुटांवरून कोयता उगारून धावला म्हणून मी गोळी झाडली, असा इन्स्पेक्टरसाहेबांचा जबाब होता.

प्रांतसाहेबांनी लंकाबाईंना कायदा समजावला. "पोलिसाला जीव जाण्याची खरी भीती वाटली असेल आणि दुसरा उपाय नसेल, तरच गोळी कायद्यात बसते. तुमचं काही म्हणणं?"

"भ्या मोजायचं व्हय? मोजू की."

लंकाबाईंनी कारकुनाची छत्री उचलली, व्हरांड्यात तीस फूट मोजले आणि छत्री उगारली.

"इन्स्पेक्टरसायेब, ह्यो कोयता समजा. एवढ्या लांबून भ्या वाटतंय का?"

दारातले पाच शिपाई आपल्या साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी मिशीवर हात फिरवला.

"मावशी, छत्रीचं सोडा. खरे कोयते घेऊन चार जण आले तरी मी भीत नाही. एकेकाला कानफटात देऊन खाली बसवीन."

शिपायांनी कौतुकाने माना हलवल्या.

लंकाबाई आत आल्या. "लिवा, प्रांतसायेब. भ्या वाटत न्हाई. कानफटात भागतं."

"ते मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हणालो," इन्स्पेक्टर म्हणाले.

"बोलले तसंच लिवा. त्याबिगर मी हितून हालत न्हाई."

प्रांतसाहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठ्यासाठी कागद आणि शाईचा डबा लंकाबाईंपुढे सरकवला.

लंकाबाईंनी कागद इन्स्पेक्टरांकडे ढकलला. "आधी त्यांची सही घ्या."