फौजदाराचं पाणी अडलं

फौजदार रेतीच्या ढिगावर बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. मरोळच्या कारखान्यांच्या भिंतीला पाठ टेकून उभी असलेली ती बैठी चाळ, चाळीच्या तोंडाशी कुणीतरी बांधकामातून उरलेली टाकून दिलेली रेती, आणि रेतीवर तो गालफुगा पिवळा बोका, कान मागे, डोळे मिटलेले, एखादा तपाला बसावा तसा. सुगंधा नळावरून हंडा घेऊन आली तेव्हा तो बसलेला. भात चढवून परत बाहेर आली तेव्हाही बसलेला. मग तो उठला, वळून रेतीचा वास घेतला, ती कोरडी ठणठणीत होती, आणि दोन पावलांवर पुन्हा बसला. या वेळी त्याच्या घशातून असा काही आवाज निघाला की सुगंधाच्या हातातली पळी खाली पडली.

"मेल्या, तुका काय झाला रे?"

तिनं त्याला उचललं. पोट शहाळ्यासारखं टणक लागलं. ज्या बोक्यानं जन्मात तिला नख लावलं नव्हतं, तो तिच्या मनगटाला चावला आणि लगेच, चुकलं म्हणून की काय, तीच जागा चाटू लागला.

तिची लता लग्न होऊन मालाडला गेली, त्याच आठवड्यात हा बोका कुठूनसा आला होता आणि लताच्या पाटावर येऊन बसला होता. सुगंधानं त्याला हाकललं नाही. लेक गेलेल्या घरात पाट रिकामा बघण्यापेक्षा त्याच्यावर बोका बरा. पण चाळीत जनावर पाळायची बंदी होती. कुणाच्या तरी बकरीनं सत्यनारायणाचे केळीचे खांब खाल्ले, तेव्हापासून चाळ कमिटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांनी तसा नियमच करून टाकला होता. श्यामकांत म्हणजे कचेरीत हेडक्लार्क, घरातसुद्धा फाइल बोलल्यासारखे बोलायचे. सुगंधानं त्यांच्यापुढे पदर खोचून बाजू मांडली होती, की उंदीर कोण मारणार मग? तुम्ही?

श्यामकांतांनी विचार करून निकाल दिला. "बोका राहील. पण ती नोकरी आहे, मेहेरबानी नव्हे. ज्या दिवशी चाळीत उंदीर असल्याचं कळेल, त्या दिवशी बोका बाहेर."

त्या दिवसापासून चाळीतले उंदीर संपले. म्हणजे बोलण्यातून संपले. शेजारीण आपल्या घरात नाहीत म्हणते, मग माझ्याच घरात आहेत हे कोण सांगणार? ज्याची त्याची पोती कुरतडली जात, ज्याचे त्याचे साबण पळवले जात, आणि नळावर बाया एकमेकींना सांगत, "फौजदार आल्यापासून कसं निवांत झालंय ना." बोक्याला हुद्दा मिळाला तो असा. हुद्द्याबरोबर हप्ताही सुरू झाला. या दारी मूठभर सुकट, त्या दारी भाजलेला बोंबील, पलीकडे खाऱ्या बांगड्याचं डोकं. पाण्याच्या वाटीकडे तो ढुंकूनही बघत नसे.

सुगंधाला मात्र खरं ठाऊक होतं. तिच्या ट्रंकेमागे एक उंदीर संसार मांडून होता. रोज सकाळी चाळ जागी व्हायच्या आत ती तिथं केरसुणी फिरवायची, जमलेलं कागदात गुंडाळायची आणि गुपचूप नाल्यात टाकून यायची. फौजदार त्याच ट्रंकेवर झोपलेला असे. केर काढता काढता तिच्या ओठांवर ओवी यायची, तीही हळूच, कुणी ऐकू नये म्हणून:

*फौजदार माझा बाई, टरंकेवर निजला*
*खालून गेला उंदीर, हळूच गालात हसला.*

आता तोच फौजदार दारात आडवा पडून कण्हत होता आणि भोवती बाया जमल्या होत्या.

"उन्हाळी लागली असेल," मालन म्हणाली. ही पुढच्या खोलीतली, पॅकिंगच्या कारखान्यात जाणारी, तोंडानं फटकळ. "धने-जिऱ्याचं पाणी द्या काकी."

"दिला. वाटी उलटी केल्यान."

मग शेवटच्या खोलीतली जानकीबाय काठी टेकत आली. तिनं आपल्या हातांनी चाळीतली निम्मी पोरं न्हाऊमाखू घातली होती. ती वाकली, बोक्याचं पोट चाचपलं आणि म्हणाली, "कोंडलंय. पोराची लघवी कोंडली की काय करतात, ठाऊक नाही तुम्हाला? उंदराच्या लेंड्या वाटायच्या, ओटीपोटावर लेप द्यायचा. धार सुटते."

ठाऊक सगळ्यांना होतं. प्रत्येकीच्या आईनं प्रत्येकीला कधी ना कधी तो लेप लावलेला होता. पण मालन आपल्या नखांकडे बघू लागली. श्यामकांतांच्या मृणालिनीवहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं.

"मूठभर तर पाहिजेत," जानकीबाय म्हणाली. "आण गं कुणीतरी."

"आमच्याकडे कुठून येणार?" मृणालिनीवहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे तर झुरळसुद्धा नाही."

"आमच्याकडे पण नाही हां," मालन म्हणाली. "फौजदार आहे ना."

ज्याच्यासाठी औषध हवं, त्याच्याच कर्तबगारीमुळे औषध मिळत नव्हतं.  औषध तिच्यापासून चार हातांवर, ट्रंकेमागे होतं. आज सकाळी तिनं झाडलंसुद्धा नव्हतं, कारण सकाळपासून ती याच्याच मागे होती. पण ते बाहेर काढलं की सगळ्यांसमोर फौजदार खोटा ठरणार, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं बोचकं चाळीबाहेर. न काढलं, तर बोकाच जाणार.

तिनं तिसरी वाट काढली. जिथं उंदीर आहेत हे जगजाहीर, तिथून आणायचं. ती पिशवी घेऊन रेशनच्या दुकानात गेली.

दुकानदार शिवदास तराजूमागे बसला होता. गोण्यांमधून खसखस ऐकू येत होती.

"शिवदासभाऊ, तांदूळ नकोत. तांदळात जे असतं ना, ते पाहिजे. काळं काळं."

"खडे?"

"लेंड्यो," सुगंधा म्हणाली. "उंदराच्यो. मूठभर."

शिवदासनं वजन खाली ठेवलं. तिच्या मागे रस्त्यावर कुणी उभं आहे का ते वाकून पाहिलं. "इन्स्पेक्टरनं पाठवलं काय तुम्हाला?"

"बोक्याचा पाणी अडलाहा, म्हणान..."

"बाई, माझ्या दुकानात उंदीर नाही."

"अरे, दर महिन्याला मी निवडून निवडून टाकतंय!"

"ते जिरे असतील." तेवढ्यात एक उंदीर गोणीवरून गोणीवर गेला. शिवदासनं त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "तो बाहेरचा," तो म्हणाला. मग कुणी तक्रार करायला नको म्हणून त्यानं आतून तांदळाची वेगळी पिशवी आणून तिच्या हातात दिली. घरच्यासाठी निवडून ठेवलेले तांदूळ. सुगंधानं वाटेत उभं राहून ते चाळून चाळून पाहिले. इतके शुभ्र तांदूळ तिला रेशनवर आजवर मिळाले नव्हते. जाईच्या कळ्यांसारखे. एकही काळा दाणा नाही.

ती परत आली तेव्हा फौजदार ओरडतही नव्हता. लताच्या पाटावर तोंड टेकून पडला होता. जानकीबाय त्याच्याजवळ बसली होती आणि तिनं नुसती मान हलवली.

सुगंधानं पिशवी ठेवली. दार सताड उघडलं. बाहेर बाया होत्या, मृणालिनीवहिनी होत्या आणि आता श्यामकांतही होते, रविवार म्हणून बनियनवर. तिनं ट्रंकेचा कान धरला आणि अशी ओढली की फरशी किंचाळली. ट्रंकेमागून केरसुणी फिरवली, निघालं ते सुपात घेतलं आणि सूप दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, ओटी भरायला निघाल्यासारखी.

"माझ्या घरातल्यो आसत," ती म्हणाली. "उंदीर रोज येता. ह्येच्या नाकाखालून येता. ह्येना आजवर एकही मारूक नाय. काय करायचा ता करा तुमी, पण आधी ह्येका मुतूंदे."

 मग मालन नाकातून हसली. "काकी, एवढ्याशानं काय होणार? लेप आहे का टिकली?" आणि ती आपल्या खोलीत गेली. परत आली ती कागदाची पुडी घेऊन. "कपाटाखालच्या आहेत. ताज्या." मग पलीकडची आली, पदराआड मूठ झाकून. एकीनं बशीत आणल्या, वर बशी झाकून, हळदीकुंकवाच्या वाणासारख्या. मृणालिनीवहिनी आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. शेवटी श्यामकांतच आले. त्यांनी कुणाकडे न बघता एक काडेपेटी सुपात रिकामी केली, आणि काडेपेटी परत खिशात ठेवली.

"या शेजारून आलेल्या असाव्यात," ते म्हणाले.

सूप भरलं. वाटायला पाटा मात्र कुणी देईना. तेव्हा कपडे धुवायच्या दगडावर वाटलं, जानकीबायनं लेप दिला, मालननं पुढचे पाय धरले, आणि सुगंधानं त्याचं डोकं मांडीवर घेऊन, आता ऐकू गेलं तरी चालेल अशा आवाजात ओवी म्हटली:

*डोंगराचा झरा बाई, दगडातून वाट काढी*
*माझ्या लेकराची वाट, कोण दगडानं कोंडी.*

बायांनी तिच्यामागून ओवी उचलली. कुणीतरी बाळाला करतात तसं "शूऽऽ, शूऽऽ" सुरू केलं, आणि सगळ्या चाळीनं धरलं. परिणाम एवढाच झाला की दोन पोरं मोरीकडे पळाली. फौजदार तसाच.

श्यामकांत घसा खाकरून म्हणाले, "जोगेश्वरीला तबेल्यांत एक डॉक्टर येतात. म्हशींचे आहेत. पण जनावर ते जनावर."

मासळीच्या टोपलीत फौजदार, वर ओलं फडकं, रिक्षात सुगंधा आणि श्यामकांत, आणि श्यामकांतांचा बनियन तसाच, कारण शर्ट घालायला ते थांबलेच नाहीत. डॉक्टर चंद्रप्रकाश एका म्हशीमागे कोपरापर्यंत हात घालून उभे होते. हात धुऊन आले, टोपलीत पाहिलं आणि म्हणाले, "एवढंसं आहे होय. माझ्याकडे याच्या मापाचं काहीच नाही." पण तो आडदांड माणूस गोठ्याच्या कट्ट्यावर बसला, बोक्याला उताणा केला आणि दोन बोटांत, वात वळावी तितक्या हलक्या हातानं, त्याचं ते इवलंसं टोक चोळत राहिला. सुगंधा देवाचं नाव घ्यायचंही विसरली. म्हशी रवंथ थांबवून बघत होत्या असं तिला वाटलं. मग काहीतरी निघालं, भिजल्या रेतीच्या कणाएवढं, आणि त्यामागून धार. आधी गुलाबी, मग पिवळी, मग अशी लांब आणि निर्वेध, की डॉक्टरांनी पोटावर अलगद हात ठेवला आणि सगळे ती संपायची वाट बघत उभे राहिले.

"वाचला," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा अडलं तर लगेच आणायचा, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. यात जीव जातो. काय खातो?"

"सुकट. बोंबील. खारो बांगडो."

"आणि पाणी?"

"नाय पीत."

"मग पोटात मिठागर होणार नाही तर काय? सुकं-खारं सगळं बंद. ताजं द्या, अळणी उकडा आणि पाण्यात बुडवून द्या. पाणी पोटात गेलं पाहिजे. उंदीर पकडत असेल तर उत्तमच. ताज्या उंदरात भरपूर पाणी असतं."

"चाळीत उंदीर नाहीत," श्यामकांत सवयीनं म्हणाले.

डॉक्टर बोक्याच्या पोटावरचा लेप कापसानं पुसत होते. त्यांनी कापूस नाकाजवळ नेला, श्यामकांतांकडे पाहिलं आणि पुसत राहिले.

पुढचे काही दिवस सुगंधा दारोदार फिरली. "बाय गो, तुझ्या पाया पडतंय, त्येका सुकट घालू नको." बायांनी सुकटीचे डबे फडताळावर चढवले. फौजदार प्रत्येक दारी जाऊन वसुली थकल्यासारखा बसायचा आणि हात हलवत परतायचा. सुगंधा मांदेली अळणी उकडून, काटे काढून, पाण्यात कुस्करून त्याच्यापुढे ठेवायची. पहिल्या दिवशी त्यानं वाटीत पाय बुडवून झटकला. दुसऱ्या दिवशी पाठ फिरवली. मग एकदा तिनं स्वतःच वाटीतलं बोट चाटून "झकास" म्हटलं, तिचं तोंड मात्र वाकडं झालं, आणि ते बघून की काय कोण जाणे, तो आला आणि लपलप करून सगळं पाणी प्याला. सुगंधा ड्यूटीवरून आलेल्या नवऱ्याला म्हणाली, "प्यालो." गुणाजी पट्टा सोडत म्हणाला, "माका असा कोण काटे काढून देत नाय." पण वाकून त्यानं वाटी बघून घेतली.

पुढच्या रविवारी कमिटीची सभा भरली. चाळीपुढच्या अंगणात सतरंजी, खुर्चीवर श्यामकांत. सुगंधा फौजदाराला पदराखाली घेऊन शेवटी बसली. तिनं टोपली बरोबरच आणली होती. काय व्हायचं ते आजच व्हायचं, हे तिनं धरलं होतं, आणि मालाडला लताला निरोपही धाडला होता, की तुझ्याकडे जागा असेल तर बघ.

"नियम माझाच आहे," श्यामकांत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "उंदीर असल्याचं कळलं, तर बोका बाहेर. आता सुगंधाबाईंनी स्वतः चारचौघांत..."

"मी नाही ऐकलं," मालन म्हणाली.

"अहो, तुम्ही पुडी घेऊन..."

"ते जिरे होते."

"जिरेच होते," मृणालिनीवहिनी म्हणाल्या. इतकं ठाम त्या नवऱ्यासमोर कधी बोलल्या नव्हत्या.

श्यामकांतांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मग मी रीतसर विचारतो. या चाळीत कुणी उंदीर पाहिला आहे?"

नेमका तेव्हाच तो आला. जाडजूड, मिशाळ, सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सभेच्या मधोमध, घाई नाही गडबड नाही. जानकीबायनं पाय आखडून त्याला वाट दिली. मालन आभाळात विमान शोधू लागली. बाकीच्यांनी आपापले तळहात वाचायला घेतले. फौजदारानं पदराबाहेर डोकं काढलं, उंदराकडे पाहिलं, उंदरानं त्याच्याकडे पाहिलं, आणि फौजदारानं जांभई दिली. उंदीर खुर्चीखालून गेला. श्यामकांतांनी चष्मा काढला आणि उंदीर डोळ्यांपुढून पार जाईपर्यंत काचा पुसत राहिले.

"कुणीच नाही?"

"नाही," चाळ म्हणाली.

सुगंधाला काही सुधरेना. तिचा पदर सैल पडला आणि त्यातून फौजदार उतरला. आळस दिला. सतरंजीवरून रमतगमत पुढे गेला, खुर्चीपाशी थांबला, श्यामकांतांनी काढून ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेचा वास घेतला आणि तिच्यावर बसला. शेपूट वर. कान मागे.

 मग तो आवाज आला, बारीक आणि सलग, पन्हळीतून अंगणात पाणी पडावं तसा. सुगंधा अर्धवट उठली होती, त्याला उचलायला. श्यामकांतांनी हातानंच तिला खाली बसवलं.

"राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "होऊ दे त्याचं."