मोनिकाच्या पिस्तुलाची मूठ

साहेब, बोटही न लावता तुम्ही माझ्या पोरीला नेमबाजीच्या स्पर्धेतून बाहेर काढलंत. मोनिकाच्या तळव्याला लई घाम येतो, पिस्तुलाची लाकडी मूठ सटकते. म्हणून आम्ही भिंगारच्या घरी मुठीवर अराल्डाइट फासलं आणि पिठाच्या चाळणीतून बारीक वाळू भुरभुरली.

"पप्पा, चाळणी बघून आई दोघांनाबी हाकलंल," ती हसली.

सुकल्यावर मूठ मांजराच्या जिभेसारखी खरखरीत झाली.

स्पर्धेच्या दिवशी पिस्तुलांच्या तपासणीच्या टेबलापाशी तुम्ही लांबूनच म्हणालात, "चिकट काही चालत नाही."

"सर, चिकट न्हाई, वाळू हाय. हात तर लावा!" मोनिका म्हणाली.

तुम्ही पुढच्या पोरीला हाक मारलीत.

तेव्हापासून मोनिका सरावाला जात नाही. तिला समजावून मी दमलो. आता तुम्हीच सांगा, बोट का लावलं नाहीत?